ट्रेकच्या सॅकमधला सुई-दोरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी रात्री स्वारगेटला एसटीची वाट बघणाऱ्या ट्रेकर मंडळींच्या सॅक उघडून पाहिल्या तर मॅगीची पाकिटं, टॉर्च, पॉवर बँक हे सगळं सापडेल. सुई-दोरा मात्र दहात एखाद्याकडे. गेली अठरा वर्षं मी सह्याद्रीत फिरतोय आणि आमच्या ग्रुपचं शिवणकाम माझ्याकडे असतं, म्हणून दर पावसाळ्याच्या तोंडावर तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

टेप आहे, सेफ्टी पिना आहेत. मग सुई-दोरा कशाला?

कारण आपला ट्रेकचा हंगामच पावसाचा आहे. ओल्या, चिखल लागलेल्या कापडाला टेप चिकटत नाही. गोंदाला तर कोरडं कापड हवं, शिवाय सुकायला वेळ हवा. टाका मात्र भर पावसातही तसाच बसतो.

हे मला राजगडावर कळलं. ऑगस्ट महिना, गुंजवण्यातून चोर दरवाजाच्या वाटेने वर चढत होतो आणि एका मित्राच्या सॅकचा खांद्याचा पट्टा मुळापासून निघाला. पाऊस थांबायचं नाव नव्हतं. टेपचे चार वेढे दिले, पन्नास पावलांत सुटले. सेफ्टी पिन लावली, ती वाकून उघडली. कसेबसे पद्मावतीच्या देवळात पोचलो. तिथे मुक्कामाला आलेल्या दुसऱ्या एका ग्रुपमधल्या काकूंनी पिशवीतून गोधडीची सुई आणि जाड दोरा काढला आणि पंधरा मिनिटांत पट्टा शिवून दिला. पुढे ती सॅक आणखी दोन वर्षं त्याच टाक्यांवर चालली. खाली उतरल्यावर पहिल्यांदा मी सुया विकत घेतल्या.

टेप आणि पिना ठेवाच, त्यांचीही कामं आहेत. पण ओझं पेलायचं असेल तर शिवण लागते.

किटमध्ये नेमकं काय ठेवायचं?

दुसऱ्याची यादी उतरवून घेण्याआधी स्वतःची सॅक जमिनीवर रिकामी करा आणि एकेका वस्तूला विचारा, तुझं काय काय तुटू शकतं? ज्याच्याकडे तंबू नाही त्याला तंबूच्या जाळीचा तुकडा नको. ज्याच्या पँटला इलॅस्टिक आहे त्याला बटणं कशाला?

माझ्या किटमध्ये सध्या आहे ते असं: मध्यम जाडीच्या दोन सुया, मोठ्या नेढ्याची एक जाड सुई, सोफ्याचं काम करणारे वापरतात तशी एक अर्धगोल वाकडी सुई. जाड पॉलिएस्टर दोरा दहा मीटर, साधा शिवणाचा दोरा पाच मीटर. तीन सेफ्टी पिना, त्यातली एक मोठी. पँटची दोन बटणं. जुन्या छत्रीच्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा आणि तेवढाच जीन्सचा. मेणबत्तीचं बोटाच्या पेराएवढं टोक. दोरा कापायला नेलकटर, जो एरवीही सॅकमध्ये असतोच. सॅकच्या पट्ट्याच्या मापाचं एक जादा बक्कल. हे सगळं घरच्या काट्यावर पन्नास ग्रॅमच्या आत भरतं.

छत्रीचं कापड आवर्जून ठेवा. मोडलेली छत्री टाकण्याआधी तिचं कापड काढून घ्यायची सवय लावली की हलकं, पातळ, न उसवणारं ठिगळ आयुष्यभर पुरतं.

सुईचे नंबर कसे समजायचे?

हातशिवणीच्या सुयांमध्ये नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. शिलाई मशीनच्या सुयांचं बरोबर उलटं, तिथे मोठा नंबर म्हणजे जाड सुई. दुकानात मागताना 'हातशिवणीची' असं स्पष्ट सांगा, नाहीतर मशीनची सुई हातात पडते आणि तिचं नेढं टोकाशी असल्यामुळे हाताने नीट शिवता येत नाही.

पातळ नायलॉनला बारीक सुईच हवी, कारण जाड सुईने पडलेलं भोक तसंच राहतं. पट्ट्यांना आणि जाड कॅनव्हासला मोठ्या नेढ्याची टोकदार सुई लागते. भरतकामाच्या टोकदार सुया यासाठी उत्तम. स्वेटर जोडायची बोथट सुई नायलॉनमध्ये शिरत नाही, ती चुकून घेऊ नका. गोणी शिवायचं दाभण सुचवणारेही भेटतात. सुतळी ओवायला ते ठीक आहे, पण सॅकच्या कापडात त्याने एवढं भोक पडतं की टाका सैलच राहतो.

नेढं या शब्दाशी ट्रेकरचं जुनं नातं आहे. राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे, त्यालाही आपण नेढंच म्हणतो.

दोरा कोणता? घरातलं कुठलंही रीळ चालेल का?

सुती दोरा नको. ओलसर सॅकमध्ये पडून तो बुरसतो, कुजतो आणि ऐनवेळी झटका दिला की तुटतो. पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉनही मजबूत असतो, पण तो जास्त ताणला जातो आणि उन्हाने पॉलिएस्टरपेक्षा लवकर खराब होतो. रिळावर छापलेला आकडा बघा: आकडा जितका लहान, दोरा तितका जाड. १२०चा दोरा शर्टाच्या शिवणीला, ४०च्या आसपासचा जीन्सला आणि सॅकला.

रंगाचा विचार करू नका. काळा किंवा करडा, बस्स.

पूर्ण रीळ न्यायची गरज नाही. जुनं व्हिजिटिंग कार्ड उभं कापून दोन्ही कडांना खाचा पाडा आणि त्यावर दोरा गुंडाळा. मशीनची भरलेली बॉबिनही छान बसते. वापरण्याआधी दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढा. मेणामुळे तो गुंतत नाही आणि कापडातून सहज सरकतो.

दात साफ करायचा फ्लॉस किंवा तंगूस (मासे धरायच्या गळाची नायलॉन दोरी) वापरली तर?

फ्लॉस चालतो. मेणाचा फ्लॉस मजबूत असतो, त्याच्या डबीलाच कापायचं पातं असतं आणि जाड सुईत तो ओवता येतो. पट्टे, बुटाची जीभ, सॅकचा तळ यांना तो मी स्वतः वापरला आहे. पातळ कापडाला मात्र तो नको, कापड कापत जातो.

तंगूस टाळा. ती ताठ असते, गाठ घसरते आणि टोकं अंगाला टोचतात.

पुण्यात हे सामान कुठे मिळेल?

सुया, दोरे, बटणं, चेन यांच्यासाठी तुळशीबाग आणि रविवार पेठ. तेवढं लांब जायचं नसेल तर तुमच्या भागातल्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये सुई-दोरा मिळतोच. सॅकची बक्कलं आणि नायलॉनचे पट्टे रविवार पेठेत बॅगांचं सामान विकणाऱ्या दुकानांत मागा. जाताना जुनं बक्कल सोबत घ्या, कारण २० आणि २५ मिलिमीटरची बक्कलं नजरेला सारखीच दिसतात. पट्टा ओवायच्या दांडीला फट असलेलं बक्कल मिळालं तर तेच घ्या. ते न शिवता, पट्टा तिरका सरकवून बसवता येतं.

सोफ्याची वाकडी सुई शोधायला वेळ लागतो. गादी-कारखान्यात किंवा गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडे विचारा, बहुतेक जण एखादी सुई आनंदाने देतात.

डबी कशाची घ्यावी? सुया गंजतात, त्याचं काय?

होमिओपॅथीच्या गोळ्यांची प्लॅस्टिकची बाटली. पुण्यात ज्याच्या घरात ती नाही असं घर विरळा. झाकण घट्ट बसतं, सुया आडव्यातिडव्या फिरत नाहीत आणि बाहेरून टेपचे सात-आठ वेढे देऊन ठेवता येतात, म्हणजे टेपचा वेगळा गठ्ठा नको. वाकडी सुई आत मावत नसेल तर ती ठिगळाच्या कापडात टोचून, घडी घालून ठेवा.

गंजासाठी फ्लॅनेलच्या छोट्या तुकड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा आणि सुया त्यात खोचा. गंजलेली सुई वापरू नका. ती कापडात अडकते, दोऱ्याला काचते आणि रेनकोटवर डाग पाडते.

मला शिवता येत नाही. किती शिकावं लागेल?

तीन गोष्टी शिकल्या की पुरे.

पहिली, धावदोरा. सुई खालून वर, वरून खाली. आजीने गोधडीला घातलेले ते सरळ रेषेतले टाके म्हणजे हाच. ठिगळ जागेवर धरून ठेवायला तो कामी येतो, पण एक टाका तुटला की सगळा निघत जातो.

दुसरी, हातटीप. ट्रेकवर नव्वद टक्के काम हिचंच. एक टाका पुढे घ्या, मग अर्धं अंतर मागे येऊन सुई पुन्हा घाला, परत पुढे. वरून मशीनच्या टिपेसारखी दिसते. प्रत्येक टाका मागच्या टाक्याला धरून असल्याने एखादा तुटला तरी बाकीचे टिकतात.

तिसरी, कडेवरून गोल फिरणारा टाका. फाटक्या कापडाच्या दोन कडा एकत्र धरून त्यांना वेढा घालत जायचं.

दोरा हाताएवढाच कापा. कमी वेळा ओवायला लागावं म्हणून लांब घेतला की गुंता ठरलेला. शेवटी एकाच जागी तीन बारीक टाके घ्या आणि मग गाठ मारा, कारण ओल्या पॉलिएस्टरवरची नुसती गाठ सुटते.

हे घरी एकदा जुन्या पँटवर करून बघा. गडावर, वाऱ्यात, थंड बोटांनी पहिल्यांदा सुई हातात धरली तर किट असून नसल्यासारखं.

उसवलं आणि फाटलं, दोन्हीला एकच उपाय?

नाही, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. उसवलं म्हणजे फक्त दोरा गेला, कापड शाबूत आहे. तिथे जुन्या भोकांमधूनच हातटीप घालत जायचं. शिवण जिथे पक्की आहे तिथे दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर आत जाऊन सुरुवात आणि शेवट करायचा.

फाटलं म्हणजे कापडच गेलं. करवंदीच्या जाळीत घुसलेली बाही, घसाऱ्यावरून बसत उतरताना गेलेली पँट ही याची नेहमीची उदाहरणं. दोन कडा नुसत्या ओढून शिवल्या तर ताण टाक्यांवर येतो आणि बाजूला नवी चीर पडते. आतून ठिगळ लावा. ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचकटतो. सगळीकडून दीड-दोन सेंटिमीटर जास्त ठेवा, आधी धावदोऱ्याने जागेवर बसवा, मग कडेने हातटीप. चीर जिथे संपते त्याच्या थोडं पुढे दोन-तीन टाके हवेतच, नाहीतर ती पुढे सरकत राहते.

सॅकचा खांद्याचा पट्टा निघाला तर कसा शिवायचा?

आधी सॅक रिकामी करा. भरल्या सॅकवर शिवायला गेलात तर टाके तिरपेच पडणार. पट्ट्याचं टोक विस्कटलं असेल तर लायटरने हलकेच वितळवून बंद करा, पण हे उघड्यावर करा. तंबूत किंवा वाळक्या गवताजवळ अजिबात नाही.

जाड दोरा दुहेरी घ्या, मेण लावा. पट्टा पूर्वी जिथे होता तिथेच ठेवा, पण तिथलं कापड विरलं असेल तर आतून जीन्सचा तुकडा धरा. मग चौकोन शिवा आणि त्या चौकोनात फुली मारा. कारखान्यातून आलेल्या पट्ट्यांवरही हीच खूण दिसेल. यामुळे ओझं एका रेषेवर न पडता सगळीकडे वाटलं जातं. चौकोनाला दोन फेऱ्या.

इतक्या जाडीतून सुई जात नाही, हे खरं. अंगुस्तान नसेल तर दहाचं नाणं हाताच्या तळव्यात धरून त्याने सुई रेटा, किंवा सपाट दगड घ्या. दुसऱ्या बाजूने ओढायला पक्कड असेल तर सोन्याहून पिवळं. दाताने ओढू नका, सुई मोडते आणि कुठे जाते ते कळत नाही.

आणि सॅक परत भरताना त्या बाजूचं ओझं मित्राला द्या.

चेन बिघडली. शिवून सुटेल का?

बहुतेक वेळा चेनचे दात ठीक असतात, रनर सैल झालेला असतो. तो मागे नेऊन दोन्ही बाजूंनी पकडीने हळूच दाबा. थोडं दाबा, चालवून बघा, पुन्हा थोडं. जोरात दाबला तर मोडतो. धूळ-चिखलाने अडकत असेल तर पाण्याने धुऊन मेणबत्ती घासा.

तळाकडचे दोन-चार दात तुटले असतील तर मात्र दोरा कामाला येतो. रनर तुटक्या दातांच्या वर नेऊन चेन लावा आणि तुटक्या भागाच्या वर पाच-सहा घट्ट आडवे टाके घाला. चेन आता तिथपर्यंतच उघडेल, पण बंद राहील. रनर बदलायचा असेल तर त्याच्या मागचा आकडा बघा, ५, ८ किंवा १०, आणि त्याच मापाचा घ्या.

रेनकोट आणि तंबू शिवले तर पाणी गळणार नाही का?

गळणार. प्रत्येक टाका म्हणजे दोन भोकं. म्हणून इथे क्रम उलटा: कोरडं करता आलं तर आधी टेप, दोन्ही बाजूंनी, गोल कोपऱ्यांची. शिवायचं फक्त ताण येणाऱ्या जागी, म्हणजे तंबूच्या दोरीची कडी, रेनकोटचा खिसा, टोपीची शिवण. घरी आल्यावर त्या टाक्यांवर शिवण बंद करायचं द्रव्य लावा आणि रात्रभर सुकू द्या.

एक गोष्ट लक्षात असू द्या. सिलिकॉनचा थर दिलेल्या तंबूला साधी टेप चिकटतच नाही. आपला तंबू कसला आहे ते घरीच टेपचा तुकडा लावून तपासा.

तंबूच्या जाळीला सैल टाके घाला. घट्ट ओढले तर शेजारची जाळी फाटते.

हिमालयासाठी घेतलेलं पिसांचं जॅकेट फाटलं तर?

शिवू नका. सुईच्या भोकांतूनही पिसं बाहेर येत राहतात. टेपचा गोल तुकडा लावा आणि विसरून जा.

बुटाचा तळ निघाला. सुई-दोऱ्याने जमेल?

आधी तळ का निघाला ते बघा. बूट वर्षभर माळ्यावर पडून होते आणि तळाचा मधला थर भुगा होऊन गळतोय, तर शिवून काही होणार नाही. हा थर पॉलियुरेथेनचा असतो. तो हवेतल्या ओलाव्याने आतून विरतो, न वापरताही. तिथे नाडीने किंवा पट्ट्याने तळ बुटाला बांधून सावकाश गावात उतरायचं, एवढंच हातात आहे. दोरी तळाच्या खाचांमधून न्या, म्हणजे ती घासून तुटणार नाही.

फक्त पुढचं टोक उघडलं असेल आणि वरचं रबर मऊ असेल तर फ्लॉसने चार टाके घालता येतात. नेहमीची सुई रबरात मोडते. चांभाराच्या आरीने आधी भोकं पाडावी लागतात. आमच्या ग्रुपमध्ये मोठ्या ट्रेकला एक आरी असते, टोकाला बाटलीचं बूच लावून.

दर जूनच्या आधी बूट माळ्यावरून काढून घराजवळच्या टेकडीवर, पर्वतीवर किंवा वेताळ टेकडीवर, तासभर चालवा. तळ निघायचाच असेल तर तिथे निघू दे.

हार्नेसचा (कातळ चढताना कमरेला बांधायचा पट्टा) किंवा स्लिंगचा (दोर अडकवायची शिवलेली पट्टी) टाका उसवला आहे. शिवून वापरू का?

नाही. कधीही नाही. लिंगाण्याचा सुळका असो की दहा फुटांचा कातळटप्पा, ज्यावर माणसाचा जीव टांगला जातो ते हातशिवणीने दुरुस्त करायचं नसतं. ते टाके कारखान्यात ठरावीक दोऱ्याने, ठरावीक ताणाला तपासून घातलेले असतात आणि आपल्याला ती तपासणी करता येत नाही. ती वस्तू कापून टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागून वापरली जाणार नाही. याबाबत मी मित्रांशी भांडलोही आहे आणि पुन्हा भांडेन.

जखम शिवता येईल का?

तेही नाही. दाबून रक्त थांबवा, स्वच्छ कापडाने बांधा, दवाखाना गाठा. आत घाण ठेवून शिवलेली जखम चिघळते. पायाच्या फोडांसाठीही या किटमधली सुई वापरू नका, तिला तेल आणि चिखल लागलेला असतो.

अंधारात आणि चाळिशीनंतर सुईत दोरा ओवायचा कसा?

घरूनच दोन सुया ओवून न्या. एक जाड दोऱ्याची, एक बारीक. माझ्या मते संपूर्ण किटमधली ही सगळ्यात उपयोगी युक्ती आहे. पुन्हा ओवायची वेळ आली तर दोऱ्याचं टोक तिरकं कापा, नेढ्यामागे पांढरा कागद धरा आणि हेडटॉर्चचा उजेड त्या कागदावर पाडा. पत्र्याचं, बारीक तारेचं ओवणीयंत्र मिळतं, तेही किटमध्ये टाका.

हॉटेलात मिळणारी छोटी किट नेली तर?

शर्टाच्या बटणापुरती ठीक. आतला दोरा सॅकला पुरत नाही.

विमानाने लेह किंवा डेहराडूनला जाताना किट चालते का?

सगळी किट मोठ्या, जमा करायच्या बॅगेत टाका. कात्री, पातं, आरी या गोष्टी हातातल्या बॅगेत ठेवून तपासणीच्या टेबलापाशी फेकून द्याव्या लागल्या की वाईट वाटतं. रेल्वेने जात असाल तर काही प्रश्न नाही.

ग्रुपमध्ये प्रत्येकाने किट आणावी का?

दहा जणांत एक पूर्ण किट पुरते, पण ती कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत हवं. कात्रज ते सिंहगड रात्रीच्या ट्रेकमध्ये आमची किट पुढच्या टोळीत होती आणि पँट फाटली मागच्या टोळीत. दोन तास एक मुलगा कमरेला जर्किन बांधून चालला. तेव्हापासून किट शेवटच्या माणसाकडे असते, आणि प्रत्येकाच्या सॅकच्या पट्ट्याला आतून दोन सेफ्टी पिना लावलेल्या असतात.

ट्रेकहून आल्यावर किटचं काय करायचं?

त्याच रात्री झाकण उघडून पालथी घाला. कापडाचे तुकडे वाळवा, सुया पुसून पुन्हा तेलाच्या फ्लॅनेलमध्ये, वापरलेला दोरा भरून टाका आणि दोन सुया ओवून ठेवा. गडावर घाईत घातलेले टाके नीट बघा. जे सैल वाटतील ते उसवून पुन्हा घाला, किंवा गल्लीतल्या शिंप्याकडून मशीनची टीप मारून घ्या.